एक कॉम्प्युटर, पाच खाती आणि धाकट्यावर आलेला आळ

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातलं आमचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढची गॅलरी. त्यात माणसं सहा. कॉम्प्युटर एकच, तो ओट्याच्या पलीकडच्या भिंतीला लावलेल्या फळीवर. मी एका पतपेढीचे हिशेब घरून करते, त्यामुळे तो बंद पडला तर माझं काम थांबतं. नवऱ्याचं सगळं काम फोनवर चालतं, तो ह्या फळीकडे फिरकत नाही. गेल्या एप्रिलमध्ये बहिणीचा मुलगा चिपळूणहून परीक्षेच्या क्लाससाठी आमच्याकडे राहायला आला, मे महिना तोंडावर आला, आणि मी ठरवलं की प्रत्येकाला स्वतःचं खातं करून द्यायचं. थोरली, धाकटा, भाचा आणि सासूबाई, अशी चार स्टँडर्ड खाती, म्हणजे साधी, मशीनभर काही बदलायचं तर पासवर्ड मागणारी. पाचवं ॲडमिनिस्ट्रेटरचं, सगळे हक्क असलेलं, त्याचा पासवर्ड फक्त मला ठाऊक.

ह्याला कारण होतं. आदल्या दिवाळीत कुणीतरी खेळाच्या नावाखाली भलतंच काही इन्स्टॉल केलं आणि मार्चअखेरीचं काम तोंडावर असताना ब्राउझर आपोआप जाहिरातींची पानं उघडत बसायचा. कुणी केलं ते मी विचारलं नाही. सगळे एकाच खात्यातून शिरत होते, त्यामुळे विचारूनही उपयोग नव्हता.

खाती करणं सोपं होतं, दहा मिनिटांत झालं. खरा प्रश्न खेळांचा होता. आमच्या घरात नवे खेळ चालत नाहीत, मशीनला ते झेपतही नाहीत. नवऱ्याने कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीडींचा डबा आहे, आणि मुलांचा जीव त्या डब्यात अडकलेला. एज ऑफ एम्पायर्स, १९९७चा पहिलाच. प्रिन्स ऑफ पर्शिया. मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ. सासूबाईंचा पत्त्यांचा. मला हे खेळ आवडतात. मुलं त्यात भांडतात, नकाशे वहीत काढतात, एकमेकांना शिकवतात. फोनवरच्या खेळांत हे मला कधी दिसलं नाही. म्हणून वाटत होतं की चारही खात्यांत हे खेळ नीट चालावेत, आणि त्यासाठी कुणाला माझा पासवर्ड द्यावा लागू नये.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातल्या मुलाने जुन्या खेळांसाठी एक उपाय सांगितला होता: शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’वर खूण करा, सगळं चालतं. मी तसं केलं. चाललंही. फक्त दर वेळी पडदा काळवंडायचा आणि पासवर्ड मागायचा. पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने पासवर्ड टाकायला मी दिवसातून आठ-दहा वेळा उठत होते. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, “मावशी, मला सांगून ठेव ना, मी कुणाला नाही सांगणार.” सांगितला असता तर ही सगळी खाती केल्याला काही अर्थच उरला नसता. मी त्यांच्या शॉर्टकटांवरची ती खूण काढली आणि बघितलं, तर एज ऑफ एम्पायर्स पासवर्डशिवायही सुरू झाला. मला वाटलं, सुटलो.

आठवड्याने थोरली रडत आली. इजिप्तच्या मोहिमेतला तिचा एक सामना अडला होता आणि मी बघावं असं तिला वाटत होतं. मी माझ्या खात्यातून खेळ उघडला, सेव्ह केलेल्या सामन्यांची यादी काढली. तिचा सामना त्यात नव्हता. पहिल्या तीन दिवसांतले सगळ्यांचे सेव्ह होते, त्यानंतरचं एकही नाही. धाकटा तिच्या आधी बसला होता आणि सकाळीच दोघांचं वाजलं होतं. मी त्याला विचारलं, तो नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तो गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभा राहिला आणि जेवायला आला नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी थोरलीच्या खात्यात शिरून पाहिलं. सामना होता, अगदी जिथे होता तिथेच. कुणीही काही पुसलं नव्हतं.

त्या रात्री अडीच वाजेपर्यंत मी ह्या एकाच गोष्टीमागे होते. जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण हे आधी कुणी मला सांगितलं असतं तर तो मुलगा उपाशी झोपला नसता.

हे खेळ विंडोज ९५ आणि ९८च्या काळातले. त्या विंडोजमध्ये कोण कुठे लिहू शकतं ह्यावर बंधनच नव्हतं. २००१मध्ये एक्सपी आलं तेव्हा ‘लिमिटेड’ खातं घराघरांत आलं, पण बहुतेक लोक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच वावरत राहिले, त्यामुळे खेळ करणाऱ्यांनी सेव्ह, नोंदी, सेटिंग सगळं खेळाच्या स्वतःच्या फोल्डरातच ठेवायचं चालू ठेवलं. हा फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये असतो, आणि तिथे साध्या खात्याला वाचता येतं, लिहिता येत नाही. २००७मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि असे हजारो जुने प्रोग्राम साध्या खात्यात बंद पडले असते. ते पडू नयेत म्हणून विंडोजने एक पडद्यामागची सोय केली. जुना प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज त्याला अडवत नाही. ती फाइल ते गुपचूप त्या माणसाच्या खात्यातल्या ॲपडेटा ह्या लपलेल्या फोल्डरामध्ये, लोकलच्या आत, व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवून देतं. प्रोग्रामला वाटतं की आपण आपल्याच फोल्डरात लिहिलं. वाचताना विंडोज आधी ह्या खासगी प्रतीकडे बघतं, ती नसेल तर मूळ फोल्डरात.

आता आमच्या घरात काय झालं होतं ते उघड झालं. पासवर्ड टाकून खेळ चालवला ते पहिले तीन दिवस सगळ्यांचा खेळ खरं तर माझ्या नावाने चालत होता, म्हणून सगळे सेव्ह मूळ फोल्डरात एकत्र पडले. खूण काढल्यावर प्रत्येकाचे सेव्ह ज्याच्या त्याच्या व्हर्च्युअल स्टोअरमध्ये जायला लागले. जुने सगळ्यांना दिसत, नवे ज्याचे त्यालाच. आणि माझ्या शॉर्टकटवर ती खूण अजून तशीच होती. ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालणाऱ्या प्रोग्रामला ही सोय लागूच होत नाही, म्हणून मला फक्त मूळ फोल्डर दिसत होता.

ही सोय लागू आहे की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. टास्क मॅनेजर उघडायचा, डिटेल्समध्ये जायचं, रकान्यांच्या डोक्यावर उजवं क्लिक करून ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हा रकाना आणायचा. खेळ चालू असताना त्याच्या नावापुढे ‘एनेबल्ड’ दिसलं की समजायचं, लिहिणं दुसरीकडे वळतंय. थोरलीच्या खात्यात एनेबल्ड होतं, माझ्यात नव्हतं. चौसष्ट बिटांच्या प्रोग्रामांना ही सोय नाही, आणि आपल्याला कुठले हक्क हवेत हे स्वतः जाहीर करणाऱ्या नव्या प्रोग्रामांनाही नाही. आमच्या डब्यातले खेळ ह्या दोन्हींच्या आधीचे.

सकाळी उठल्या उठल्या मी धाकट्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि दोन्ही फोल्डर उघडून दाखवले. “तू काही केलं नव्हतंस. मी चुकले,” असं सांगितलं. त्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघून विचारलं, “म्हणजे माझं पण असं लपलेलं आहे का?” आम्ही त्याचं शोधलं. होतं. त्याला ते फार आवडलं, आपल्या नावाचा एक फोल्डर, ज्यात ताईला शिरता येत नाही.

त्याच्या ह्या वाक्याने मला पुढची दिशा दिली. तोवर मी धरूनच चालले होते की सगळं एकत्र दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी व्हर्च्युअल स्टोअर टाळायचं. पण मोहिमेचे सेव्ह एकत्र कशाला हवेत? ते आपापलेच बरे. चाळीत नळ सामाईक असतो, हंडा ज्याचा त्याचा. मग मी डबा पुन्हा उपसला आणि एकेका खेळाबद्दल मुलांनाच विचारलं: ह्यात सगळ्यांना काय दिसायला हवं, आणि फक्त तुम्हाला काय?

एज ऑफ एम्पायर्सचं उत्तर सोपं निघालं. तो होता तिथेच प्रोग्राम फाइल्समध्ये राहू दिला, सगळ्या शॉर्टकटांवरची खूण काढली, माझ्याही. आता प्रत्येकाची मोहीम प्रत्येकाची. पहिल्या तीन दिवसांचे मूळ फोल्डरात पडलेले सेव्ह मी ज्याचे त्याच्याकडे नेऊन ठेवले. ह्यात एक सांगण्यासारखं: दुसऱ्याच्या खात्याचा फोल्डर उघडताना विंडोज परवानगी नाही म्हणतं आणि ‘कंटिन्यू’ देतं. ते दाबलं की त्या फोल्डरावर आपल्या खात्याला कायमचा प्रवेश मिळतो, फक्त त्या वेळेपुरता नाही. भाच्याचा फोल्डर मी तसा न उघडता त्यालाच त्याच्या खात्यातून काम करायला सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा आहे.

मोटारींच्या खेळाचं उलट होतं. तिथे सगळी मजा कुणाची फेरी सर्वांत वेगवान ह्यात, आणि ती यादी खेळाच्या फोल्डरातल्या एका फाइलीत. व्हर्च्युअल स्टोअरमुळे प्रत्येक जण आपापल्या यादीत पहिला होता. ह्या खेळाला प्रोग्राम फाइल्समधून बाहेर काढणं भाग होतं. मी तो उडवला आणि सी ड्राइव्हवर थेट, रोमन अक्षरांत ‘गेम्स’ असं नाव देऊन नवा फोल्डर केला, त्यात पुन्हा इन्स्टॉल केला. तिथे व्हर्च्युअल स्टोअरचा संबंध येत नाही. व्हिस्टापासून पुढे ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरात साइन-इन केलेल्या सगळ्यांना फाइली बदलायची मुभा आपोआप मिळते, त्यामुळे काही न करताच यादी एक झाली. संध्याकाळी भाच्याने धाकट्याचा विक्रम मोडला आणि घरात जो आरडाओरडा झाला त्याने शेजारच्या काकू बघायला आल्या.

पण मला ती आपोआप मिळालेली मुभा खटकत राहिली. सगळ्यांना सगळंच बदलता येतं म्हणजे खेळाची मुख्य फाइलही बदलता येते. एखाद्याच्या खात्यात काही घाण शिरली तर ती त्या फाइलीला चिकटून बाकी सगळ्यांपर्यंत पोचेल, आणि मी तो खेळ माझ्या खात्यातून चालवला तर पूर्ण मशीनभर. म्हणून मी फोल्डराच्या सिक्युरिटी टॅबमध्ये, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन वरच्या फोल्डराकडून आलेल्या परवानग्यांचा वारसा बंद केला आणि मुलांच्या खात्यांना फक्त वाचायची आणि चालवायची परवानगी ठेवली. ज्या पोटफोल्डरात विक्रमांची फाइल आहे त्या एकावर ‘मॉडिफाय’ दिलं. ‘फुल कंट्रोल’ मुद्दाम दिलं नाही, त्यात परवानग्याच बदलायचा हक्क येतो. आणि स्वतःसाठी नियम केला: ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून खेळ चालवायचा नाही, कितीही जुना आणि निरुपद्रवी असो.

एक लहानसा गोंधळ इथेच सांगते. हाच खेळ प्रोग्राम फाइल्समध्ये होता तेव्हा त्याची सेटिंगची फाइल मी दुरुस्त केली होती, चित्र पडद्याबाहेर जात होतं म्हणून. तिघांकडे ठीक झालं, थोरलीकडे नाही. तिने पूर्वी कधीतरी खेळात जाऊन आवाज कमी केला होता, त्यामुळे त्या फाइलीची तिची खासगी प्रत तयार झाली होती आणि खेळ तीच वाचत होता. माझी दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. तिची प्रत पुसली आणि काम झालं. प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलेल्या खेळात काही बदललं की आता मी आधी चारही व्हर्च्युअल स्टोअर तपासते.

प्रिन्स हा डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातला; साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. चौसष्ट बिटांची विंडोज डॉसचे प्रोग्राम चालवतच नाही, त्यासाठी डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स लागतं. प्रिन्समध्ये तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल आणि जी दाबून खेळ राखून ठेवता येतो, पण जागा एकच. नवा सेव्ह जुन्यावर बसतो. सामाईक फोल्डरात ठेवला तर एकाच्या साठ मिनिटांवर दुसऱ्याची साठ मिनिटं. हा खेळ आजच्या फोनवर काढलेल्या एका फोटोपेक्षा लहान आहे, त्यामुळे मी फार विचार केला नाही. प्रत्येकाच्या डॉक्युमेंट्समध्ये पूर्ण खेळाची वेगळी प्रत टाकली. डॉसबॉक्स आपली सेटिंग प्रत्येक खात्यात वेगळी ठेवतं, त्याचा इथे फायदाच झाला: ज्याच्या त्याच्या सेटिंगच्या शेवटी ज्याच्या त्याच्या फोल्डराचा पत्ता. जिंकणाऱ्यांची यादी मात्र वेगवेगळी झाली. ती आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर आहे. राजकन्येपाशी पोचल्यावर किती मिनिटं उरली तेवढं लिहायचं, आणि साक्षीदाराची सही.

सासूबाईंच्या पत्त्यांनी मात्र मला दोन दिवस दमवलं. हा खेळ डाव डॉक्युमेंट्समध्ये राखतो, म्हणजे शहाणा खेळ, कुठलीही परवानगी न लागणारा. सगळ्यांच्या खात्यात चालला, फक्त त्यांच्याच खात्यात डाव राखला जाईना. “अगं, माझ्याच हाताला काय झालंय?” असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांच्या हाताला काही झालं नव्हतं. मी त्यांचं खातं करत असताना धाकट्याने प्रेमाने नाव मराठीत टाकलं होतं, ‘आजी’. विंडोज खात्याच्या पहिल्या नावावरून त्या माणसाचा फोल्डर करतं, त्यामुळे तोही देवनागरीत झाला. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना जागा देणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे खेळ अक्षरं ओळखायला विंडोजमधले जुने अक्षरतक्ते वापरतात, आणि त्या तक्त्यांमध्ये देवनागरीला जागाच दिलेली नाही. खेळाला ‘आजी’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत होती, आणि प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डरचं नाव विंडोजमध्ये असूच शकत नाही. आपल्या लिपीतलं नाव घेऊन माझ्या घरातलं सगळ्यात वडील माणूस त्या खेळाच्या दाराबाहेर उभं होतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

नुसतं नाव बदलून फोल्डर बदलत नाही. मी रोमन अक्षरांत नवं खातं केलं, त्यांचे फोटो आणि स्तोत्रांच्या फाइली त्यात नेल्या, जुनं काढलं, आणि मग नव्या खात्याचं दिसणारं नाव बदलून पुन्हा ‘आजी’ केलं. फोल्डर रोमनमध्येच राहिला, पडद्यावर मराठी. ज्यांच्या घरी जुने खेळ आहेत त्यांनी पहिल्यापासून ह्याच क्रमाने करावं.

बाकी बारीकसारीक. इन्स्टॉल करताना शॉर्टकट फक्त माझ्या डेस्कटॉपवर येत, ते युजर्समधल्या पब्लिकच्या डेस्कटॉपमध्ये हलवले की सगळ्यांना दिसतात. एका खेळाने आपली नोंद रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या, माझ्या खात्यापुरत्या भागात केली होती, त्यामुळे इतरांना तो ‘इन्स्टॉल नाही’ म्हणायचा. तो भाग फाइलीत काढून चारही खात्यांत आत घेतला. एक सीडी चाललीच नाही. तिच्यावर नक्कल रोखणारं सेफडिस्कचं कुलूप आहे आणि ते उघडणारा ड्रायव्हर विंडोज १०मध्ये नाही. नवऱ्याचा त्या खेळावर फार जीव, म्हणून आम्ही तो जुन्या खेळांच्या कुलूपविरहित आवृत्त्या विकणाऱ्या जीओजीवरून पुन्हा विकत घेतला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा क्लास संपला. त्याची गाडी रात्रीची होती. दुपारी तो म्हणाला, “मावशी, माझं खातं काढून टाक आता, जागा होईल तुला.” मी सेटिंग्जमध्ये गेले, रिमूव्हवर क्लिक केलं, आणि समोर आलं की खात्याबरोबर त्यातला सगळा डेटा पुसला जाईल. मी थांबले. त्याची इजिप्तची मोहीम, त्याचा प्रिन्स, सगळं त्याच फोल्डरात होतं. एज ऑफ एम्पायर्सचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये नसून आत व्हर्च्युअल स्टोअरमध्ये असतात हे त्यालाही आठवलं नव्हतं. त्याला त्याच्या खात्यातून शिरायला लावलं, लपवलेले फोल्डर दाखवायला सांगितलं, आणि दोन्ही पेनड्राइव्हवर घेतले. धाकट्याने त्या पेनड्राइव्हला दोरा बांधला, कागदाच्या चिठ्ठीवर ‘दादा’ लिहून लावलं. मग मी खातं काढलं. कपाटाच्या दारावरचा कागद तसाच आहे. त्यात भाच्याची अकरा मिनिटं अजून सगळ्यात वर आहेत, खाली सासूबाईंची सही.